मुलगा चर्चला येत नाही, यात आईचा दोष किती?

ताई, सलाम.
मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात राहते. सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता रिटायर झाले. मिस्टर शाळेत शिक्षक होते, सध्या आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीवर आहेत. मुलगी लग्न होऊन नाशिकला आहे, तिच्या घरी प्रार्थना वगैरे सगळं व्यवस्थित चालू आहे. मुलगा 27 वर्षांचा, पुण्यात कंपनीत आहे. मागच्या नाताळात जेवताना तो म्हणाला, ‘आई, मला हे सगळं आता पटत नाही. तुझ्यासाठी नाताळला येईन, पण दर रविवारी चर्चला जातो असं खोटं सांगणार नाही.’ ही गोष्ट बाहेर गेली. मदर्स डेच्या रविवारी बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 31 व्या अध्यायावर संदेश झाला, त्यात पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) म्हणाले की मुलं कशी निघाली हीच आईच्या विश्वासाची पावती. मग महिला सभेत एका बहिणीनं नीतिसूत्रे 22:6 वाचलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. नणंद म्हणते, ‘तू नाइट ड्युट्या करत राहिलीस, पोराला प्रार्थना कोण शिकवणार होतं?’ मी कित्येक वर्षं संडे स्कूलचा लहान वर्ग घेत होते. आता मला ‘थोडं थांबा’ असं सुचवण्यात आलंय. मुलाला मी रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वचन पाठवते, तो उघडतसुद्धा नाही. तसा तो वाईट नाही. दर महिन्याला घरी येतो, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रजा टाकून आठवडाभर राहिला. पण देवापुढं मी काय उत्तर देऊ? शास्त्र आईबद्दल नेमकं काय सांगतं? मी आई म्हणून नापास झाले का?
– एक आई

प्रिय ताई,
सलाम. नाही, तुम्ही नापास झालेला नाहीत. तुमचं मन राखायचं म्हणून मी हे म्हणत नाही. तुम्ही शास्त्र काय सांगतं असं विचारलंत, तेव्हा शास्त्र हातात घेऊनच बोलते. तुम्हीही तुमचं बायबल जवळ घेऊन बसा. संदर्भ देते ते उघडून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आधी ते वचन, ज्यानं तुम्हाला सभेत घायाळ केलं. मुलाला योग्य ते शिक्षण दे, म्हणजे तो म्हातारपणीही त्यापासून ढळणार नाही, हा 22:6 चा आशय. हे वचन खरं आहे आणि मोलाचं आहे. पण ते कुठल्या पुस्तकात आहे ते विसरून कसं चालेल? नीतिसूत्रे हा अनुभवाच्या बोलांचा संग्रह आहे. जगात साधारणपणे काय केलं की काय होतं, ते तिथं थोडक्यात सांगितलेलं असतं. त्याच पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात चौथं वचन सांगतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. लगेच पाचवं वचन सांगतं, दे. दोन्ही वचनं शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते उघड आहे: प्रसंग बघ, माणूस बघ, मग ठरव. तुमच्या भागातला शेतकरी सांगेल की चांगलं बी वेळेवर पेरलं तर पीक येतं. त्याचं खरंच आहे. पण ज्याचं पीक गेलं त्यानं बीच खराब पेरलं असणार, असं कुठलाही शेतकरी दुसऱ्याला म्हणत नाही. त्या बहिणीनं वचन बरोबर वाचलं, लावलं मात्र उलट्या बाजूनं. ‘चांगलं शिकवलं की मूल टिकतं’ यावरून ‘मूल टिकलं नाही म्हणजे शिकवलंच नाही’ असं ठरत नाही.

शिवाय नीतिसूत्रे या पुस्तकाचे सुरुवातीचे अध्याय एका मुलाला उद्देशून आहेत. ‘माझ्या मुला, बापाचा बोध ऐक, आईची शिकवण सोडू नको’ असं पहिल्याच अध्यायात येतं. सोडू नको असं ज्याला सांगावं लागतं, तो सोडूही शकतो. आईनं शिकवलं आहे, मुलानं ऐकलं आहे आणि तरी निवड त्याच्या हातात आहे, हे लिहिणाऱ्याला पूर्ण ठाऊक होतं.

आता राजांच्या पुस्तकात चला. यहूदाच्या राजांची नोंद करताना तिथं एक रीत आहे, राजाच्या नावाबरोबर बहुतेक वेळा त्याच्या आईचं नाव येतं. आपल्याकडं वंशावळीत बायकांची नावं शोधावी लागतात, इथं ती मुद्दाम नोंदलेली आहेत. म्हणजे शास्त्राला आई महत्त्वाची वाटते यात शंकाच नाही. पण मग ती नोंद ओळीनं वाचत जा. आहाज हा देवाला सोडलेला राजा. त्याच्या पोटी हिज्कीया, ज्यानं सगळी मूर्तिपूजा मोडून काढली. हिज्कीयाच्या पोटी, म्हणजे इतक्या देवभीरू घरात, मनश्शे आला. त्याची आई हेफसीबा. त्यानं 55 वर्षं राज्य केलं आणि यहूदाला पार रसातळाला नेलं. मनश्शेचा आमोन तसाच निघाला. आणि आमोनच्या पोटी योशीया, यदीदाचा मुलगा, आठव्या वर्षी गादीवर आलेला, ज्याच्यासारखा देवाकडे वळलेला राजा आधी किंवा नंतर झाला नाही असं शास्त्र म्हणतं. योशीयाची मुलं पुन्हा वाईट. हेफसीबाचं काय चुकलं, यदीदानं काय वेगळं केलं, हे शास्त्र सांगत नाही. सांगायला जागा होती, संधी होती, तरी सांगितलेलं नाही. महिला सभेत जे दोन मिनिटांत ठरवून टाकलं जातं, ते पवित्र शास्त्रानं ठरवलेलं नाही.

एक गोष्ट मी लपवणार नाही, कारण ती लपवून दिलेला दिलासा टिकत नाही. शास्त्र आईबापांना कधीकधी जबाबदार धरतंही. एली याजकाचे मुलगे देवाच्या घरात बसून अर्पणं लुबाडत होते, बायकांना भ्रष्ट करत होते. एलीला सगळं कळत होतं आणि त्यानं त्यांना आवरलं नाही, म्हणून देवानं त्याला सुनावलं. अहज्याची आई अथल्या हिनं त्याला दुष्टपणाचाच सल्ला दिला, असं 2 इतिहास 22 मध्ये साफ लिहिलंय. रिबकेनं लाडक्या याकोबासाठी आंधळ्या नवऱ्याला फसवायचा बेत रचला, स्वतः जेवण रांधलं, मुलाच्या हाताला करडांची कातडी गुंडाळली, ‘तुझा शाप माझ्यावर येवो’ असं म्हणाली. त्यानंतर याकोबाला घर सोडून पळावं लागलं आणि पुढं त्या दोघांची भेट झाल्याचं शास्त्रात कुठं येत नाही. म्हणजे आईच्या हातून चुका होतात आणि त्यांची किंमत मोजावी लागते. पण या तिन्ही ठिकाणी दोष कशाचा दिलाय ते बघा. जाणूनबुजून केलेल्या, हातात असलेल्या गोष्टीचा. मोठ्या मुलाच्या मनात काय पटलं आणि काय नाही, याचा हिशोब देव आईकडं मागत नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी लोक एक म्हण वापरायचे, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देव म्हणतो, ही म्हण यापुढं तुमच्या तोंडी येता कामा नये. 18 वा अध्याय पूर्ण वाचा. जो तो आपलं उत्तर आपण देईल, हे तिथं इतक्या वेळा आणि इतक्या बाजूंनी सांगितलंय की गैरसमजाला जागाच उरत नाही. तुमच्या मंडळीत ती म्हण उलटी चालली आहे: मुलाचं मन बदललं आणि दात आईचे आंबवले.

ताई, यशयाचा पहिला अध्याय, दुसरं वचन. मी मुलांना वाढवलं, लहानाचं मोठं केलं, पण ती माझ्यावर उलटली, असं तिथं स्वतः परमेश्वर म्हणतो. होशेयाच्या 11 व्या अध्यायात तो एफ्राईमला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, लेकरासारखं हात धरून चालायला शिकवतो, उराशी घेतो, खाली वाकून भरवतो, आणि ते लेकरू लांब लांब जातं. मुलांच्या वागण्यावरून पालकाची पावती ठरत असेल, तर सगळ्यात आधी कोणाला नापास करावं लागेल? पाळकसाहेबांनी ते वाक्य बोलण्याआधी हा विचार केला नसावा. मला त्यांच्यावर राग नाही. मदर्स डेचा संदेश बहुतेक ठिकाणी घाईत तयार होतो आणि नीतिसूत्रे 31 हाताशीच असतं.

त्या 31 व्या अध्यायाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या नाइट ड्युटीचं उत्तर त्याच्यातच आहे. या अध्यायाची सुरुवात कोणी वाचत नाही. ही वचनं लमुएल राजाची, पण ती त्याला त्याच्या आईनं शिकवलेली. म्हणजे शास्त्रातलं हे सबंध प्रकरण एका आईच्या तोंडून आलेलं आहे. ती मुलाला काय सांगते? दारूच्या नादी लागू नको, बायकांच्या मागं आपलं बळ घालवू नको, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड, गोरगरिबांना न्याय दे. राज्य कसं करायचं ते आई शिकवते. त्यानंतर सद्गुणी स्त्रीचं काव्य सुरू होतं, 22 वचनांचं, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं रचलेलं. ते एका बाईचं स्तुतिगीत आहे. त्याची तपासणी-यादी करून कुठल्या बाईत किती गुण कमी पडतात ते मोजायला ते लिहिलेलं नाही. आणि ती बाई घरात बसून राहिलेली नाही! ती शेत पाहून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना देते, पहाट व्हायच्या आत उठून घरच्यांच्या आणि दासींच्या जेवणाची व्यवस्था करते. 18 वं वचन म्हणतं, तिचा दिवा रात्री विझत नाही.

तुमच्या नणंदबाईंना हे वचन दाखवा. भांडायला नव्हे, त्यांनाही ते कळावं म्हणून. रात्रभर वॉर्डात जागून, कोणाचं बाळंतपण, कोणाचं सलाईन बघून, सकाळी घरी येऊन मुलांचे डबे करणारी बाई नीतिसूत्रे 31 च्या बाहेरची कशी? आपल्या मंडळ्यांमधल्या किती घरांची पोटं नर्सच्या पगारावर भरली आणि किती मुलं त्यावर शिकली, हे आपण सगळे जाणतो. ते पैसे घेताना कोणी रात्र आणि दिवस असा फरक केला नाही.

आणखी एक. मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवा हे इफिसकरांच्या पत्रात 6:4 मध्ये प्रेषित पौल कोणाला सांगतो? बापांना. ‘बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका’ अशी त्याची सुरुवात आहे. कलस्सैकरांनाही तो तेच लिहितो, आणि कारणही देतो, नाहीतर मुलं खचतील. तुमचे मिस्टर पंच कमिटीवर आहेत आणि तिथंच आहेत. त्यांना कोणी ‘थोडं थांबा’ म्हटलेलं तुमच्या पत्रात नाही. त्यांनी थांबावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण एकाच घरातल्या दोन पालकांपैकी दोष तेवढा आईकडं आणि मान तेवढा बापाकडं, ही वाटणी शास्त्रातून आलेली नाही. ती आपल्या समाजातून आली आणि आपण तिला वचनाचं कव्हर घातलं.

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचं उदाहरण तुमच्यासमोर कोणीतरी नक्की ठेवलं असेल. आजी लोईस, आई युनीके, दोघींचा निष्कपट विश्वास, आणि लहानपणापासून शास्त्र शिकलेला तीमथ्य. फार सुंदर उदाहरण आहे, मी ते स्वतः अनेकदा सांगितलंय. त्याच्याबरोबर प्रेषितांची कृत्ये 16:1 पण वाचावं. त्याची आई विश्वासणारी यहूदी होती आणि बाप ग्रीक. म्हणजे घर एकमनाचं नव्हतं. दोन बायकांनी जमेल तसं, जमेल तेवढं शिकवलं. पुढं पौल त्या गावात आला म्हणून तीमथ्य त्या वाटेला लागला. पेरणी युनीकेची होती, पण वेळ आणि माणूस देवानं धाडला. तुमच्या मुलाच्या आयुष्यातला पौल अजून यायचा असेल, तर तो तुम्ही ओढून आणू शकणार नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मरीयेबद्दल, प्रभू येशूच्या आईबद्दल. आपण प्रॉटेस्टंट लोक तिच्याबद्दल नाताळात बोलतो आणि मग थेट वधस्तंभाजवळ तिला भेटतो. मधली वर्षं आपण वाचतच नाही. वसईकडचे आपले कॅथलिक बांधव या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ शहाणे आहेत, ते सप्तदुःखांची माता म्हणून तिच्याजवळ जाऊन बसतात. मुलगा 40 दिवसांचा असतानाच शिमोन म्हाताऱ्यानं तिला सांगितलं होतं, तुझ्याही जिवातून तलवार जाईल. बारा वर्षांचा झाल्यावर सणाहून परतताना तो हरवला. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर कळलं, मागं फिरले, तीन दिवसांनी मंदिरात सापडला. ‘मुला, तू आमच्याशी असं का वागलास?’ हे तिचं वाक्य लूकनं तसंच ठेवलंय. कुठलीही आई बोलेल तसं. त्याचं उत्तर आईबापांना समजलं नाही, हेही लूक लिहितो. देवाच्या पुत्राची आई, आणि तिला मुलाचं बोलणं समजलं नाही.

मग मार्कचा तिसरा अध्याय. लोक म्हणू लागले याचं भान गेलंय, घरचे त्याला धरून न्यायला निघाले. आई आणि भाऊ येऊन बाहेर उभे राहिले, आत निरोप पाठवला. आणि तो आत बसलेल्यांकडं बघून म्हणाला, हे माझे आई आणि भाऊ, जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करतो तोच माझा भाऊ, बहीण, आई. मरीया दाराबाहेर होती, ताई. त्या दिवशी गर्दीतल्या कोणी तिच्याकडं कशा नजरेनं पाहिलं असेल, हे तुमच्याइतकं चांगलं कोणाला कळणार? योहान तर पुढं साफ लिहितो की त्याचे भाऊसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. (हे सख्खे भाऊ की चुलत-मावस, यावर कॅथलिक आणि आपण यांच्यात मतभेद आहे, तो राहू दे. घरातली माणसं होती एवढं पुरे.) ज्या घरात प्रभू येशू स्वतः वाढला, जेवला, सुतारकाम केलं, त्या घरातल्या मुलांना तेव्हा ते पटलेलं नव्हतं. आणि मग प्रेषितांची कृत्ये 1:14 उघडा. माडीवरच्या खोलीत शिष्य प्रार्थना करत बसलेत, त्यांच्यात मरीया आहे आणि त्याचे भाऊही आहेत. त्यातला याकोब पुढं यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला. मधल्या काळात मरीयेनं त्यांना काय सांगितलं, किती वेळा सांगितलं, याचा एक शब्दही शास्त्रात नाही. ती वधस्तंभाजवळ उभी होती आणि ती माडीवर होती, इतकंच आपल्याला कळतं. याकोबाला पालटलं ते उठलेल्या प्रभूच्या भेटीनं, असं 1 करिंथ 15:7 वरून मला वाटतं.

शास्त्रातल्या ज्या आया आपण डोक्यावर घेतो, त्या सगळ्या कुठंतरी मूल हातातून सोडताना दिसतात. मोशेच्या आईनं, योखबेदनं, बाळाला ठेवून लव्हाळ्याचा पेटारा डांबर-राळ लावून बंद केला आणि नदीकाठी ठेवून दिला. पुढं तेच लेकरू तिच्याकडं दूध पाजायला आलं, आणि मोठं झाल्यावर तिला ते फारोच्या मुलीला द्यावं लागलं. तो मिसरी राजवाड्यात, मिसरी देवांच्या सावलीत वाढला. त्या वर्षांत योखबेदला मंडळीनं काय म्हटलं असतं? हन्नानं नवस करून मिळालेला शमुवेल दूध तुटल्यावर शिलो इथं देवाच्या घरी नेऊन दिला, आणि दिला तोही एलीच्या हाताखाली, जिथं ते दोन नासके मुलगे होते. मग दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. पोरगं वर्षभर डोळ्यांआड, मापाला हाताशी नाही, केवढा वाढला असेल याचा अंदाज बांधून बाही आणि लांबी ठरवायची. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं 2:19 हे एवढंसं वचन मला आईपणावरच्या कुठल्याही संदेशापेक्षा मोठं वाटतं. हन्नाचा तोच शमुवेल इस्राएलाचा न्यायाधीश झाला आणि त्याचे मुलगे लाच खाऊ लागले, हेही त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. त्याबद्दल कोणी हन्नाला विचारायला गेलं नाही.

थोडं आपल्या मराठी मंडळीबद्दलही बोलते. पंडिता रमाबाईंना संस्कृत आणि पुराणं शिकवली ती त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, रानावनात आणि तीर्थयात्रांच्या वाटांवर. त्या माउलीनं मुलीला मनापासून आपल्या धर्मात वाढवलं. दुष्काळात आईबाप गेले, आणि 1883 साली मुलीनं इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढं हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि ते केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये छापलं गेलं. आपण रमाबाईंच्या विश्वासाचा अभिमान बाळगतो. मग लक्ष्मीबाईंना नापास आई म्हणायचं का? आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात तीन-चार पिढ्यांमागं कोणीतरी मुलगा किंवा मुलगी आईच्या वाटेवरून उतरून ख्रिस्ताकडं आली, तेव्हा कुठल्यातरी आईनं चुलीपाशी बसून हाच प्रश्न स्वतःला विचारला असेल, माझं काय चुकलं? आपण त्या आईला दोषी धरत नाही. तोच न्याय तुम्हालाही हवा.

आता मुलाशी बोलायचं कसं. रोज सकाळचं वचन आजपासून बंद करा. तुम्हाला वाईट वाटेल, पण तो ते उघडत नाही म्हणजे तुमचं आणि त्याचं रोज एकदा न बोलता भांडण होतंय. वचन स्वतः वाचा, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, फोनवर मात्र जेवण, ऑफिस, रूमचं भाडं हे बोला. ‘तुझ्यामुळं माझं बीपी वाढतं’ हे वाक्य तोंडून जात असेल तर तेही थांबवा, ते खरं असलं तरी. आईच्या जिवाच्या भीतीनं मुलगा चर्चच्या बाकावर येऊन बसला, तर त्यात त्याचा विश्वास कुठं आला? नाताळात तो घरी आला की पाळकसाहेबांना मुद्दाम जेवायला बोलावून त्याला गाठू नका. आपल्याकडं हे सर्रास होतं आणि त्यानं मुलं पुढच्या वर्षी यायचीच बंद होतात.

त्यापेक्षा एकदा, घरात कोणी नसताना, त्याला विचारा, ‘तुला नेमकं काय पटत नाही?’ आणि मग गप्प बसा. उत्तर द्यायची घाई करू नका, मध्येच वचन सांगू नका. त्याला देवाबद्दल शंका असेल, मंडळीतल्या कोणाच्या वागण्याचा राग असेल, किंवा विज्ञान शिकून काही प्रश्न पडले असतील. त्यानं तुम्हाला जे सांगितलं ते वाचून मला तर तुमच्याबद्दल आदर वाटला. पुण्यात राहून ‘हो, जातो की चर्चला’ असं सांगत राहणारी मुलं ढिगानं आहेत. तुमच्या मुलाला आईशी खोटं बोलवत नाही. हे सत्य बोलणं त्याला कोणी शिकवलं?

आणि त्याला हेही सांगा की तो करतोय ते तुम्हाला दिसतंय. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांना (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी धर्मपंथीयांना) खडसावतो, कारण ते आईबापांना द्यायचं ते ‘देवाला वाहिलंय’ असं म्हणून टाळायचे आणि धार्मिक म्हणून मिरवायचे. आपला बाप आणि आपली आई यांचा मान राख, या आज्ञेला देवाची आज्ञा म्हणून प्रभूनं तिथं उचलून धरलं. तुमचा मुलगा दर महिन्याला येतो. ऑपरेशनला रजा टाकून राहिला. डोळ्यात थेंब कोणी घातले असतील, मी ओळखू शकते. ही आज्ञा तो पाळतोय, ताई. एवढ्यानं सगळं झालं असं मी म्हणत नाही, प्रभूकडं त्यानं यावं ही माझीही प्रार्थना आहे. पण जे आहे ते आहे म्हणा. ‘तू माझी सेवा केलीस, मला त्यात देव दिसला’ असं एकदा बोला, आणि त्यापुढं ‘पण चर्चला...’ असं काही जोडू नका.

राहिला संडे स्कूलचा प्रश्न. गप्प राहून मागच्या बाकावर बसू नका, पाळकसाहेबांना भेटायला जा आणि मिस्टरांना बरोबर न्या. त्यांनी या वेळी तुमच्या बाजूनं बोलायला हवं, हे त्यांना माझ्या नावानं सांगितलंत तरी चालेल. स्वतःच्या घराची व्यवस्था राखणारा असावा, ही अट 1 तीमथ्य 3 मध्ये आहे खरी, आणि कोणी ती पुढं करेल. पण ती मंडळीचे अध्यक्ष आणि सेवक (डीकन) यांच्याबद्दल आहे, आणि बोलणं घरातल्या मुलांना शिस्तीत ठेवण्याचं आहे. वेगळ्या शहरात स्वतःच्या पगारावर राहणाऱ्या 27 वर्षांच्या माणसाबद्दल ती नाही, आणि तीताच्या पत्रातली अटसुद्धा मंडळीच्या वडीलजनांच्या (एल्डरांच्या) नेमणुकीचीच आहे. लहान मुलांना गोष्टी सांगणाऱ्या बाईला त्या अटीत बसवायचं असेल, तर आधी पंच कमिटीलाच बसवावं लागेल. हे शांतपणे बोला, पण बोला. यहेज्केल 18 आणि यशया 1:2 एवढी दोन ठिकाणं खुणेची पट्टी घालून न्या.

ते तरीही नाही म्हणाले तर मला कळवा, पुढचं आपण बघू. हो म्हणाले, तर पहिल्या रविवारी वर्गात हन्नाच्या झग्याची गोष्ट घ्या. लहान मुलांना ती फार आवडते, आणि मापाचा प्रश्न ती हमखास विचारतात.

तुमची,
ताई